गृहनिर्माण संस्थांचे व्यवस्थापन : एक वाढता व्यवसाय आणि त्यातील शाखांची निवड

शहरात सदनिका विकत घेणाऱ्या माणसाची समजूत अशी असते की, आपण दोन-तीन खोल्या घेतल्या. भागदाखला हाती पडतो तेव्हा मात्र तो एका सहकारी संस्थेचा सभासद झालेला असतो. जिना, गच्ची, पाण्याची टाकी, लिफ्ट, आवारातील रस्ता आणि कुंपणाची भिंत या साऱ्यांचा कारभार ही संस्था त्याच्या वतीने पाहते. संस्थेला स्वतःचे उपविधी असतात, दप्तर असते, बँकेत खाते असते, दरवर्षी लेखापरीक्षण असते आणि सर्वसाधारण सभा असते. तिच्या ताब्यातील मालमत्तेची किंमत अनेकदा एखाद्या मध्यम कारखान्याच्या भांडवलाइतकी असते. कारखान्याला व्यवस्थापक असतो. गृहनिर्माण संस्थेला बहुधा एक मानसेवी सचिव असतो आणि तो दिवसा दुसरीकडे नोकरी करीत असतो.

या विसंगतीतूनच गेल्या काही वर्षांत एक व्यवसाय आकाराला येऊ लागला आहे. मोबदला घेऊन गृहनिर्माण संस्थांचा कारभार पाहणारे व्यवस्थापक, हिशोबनीस आणि सल्लागार मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर या शहरांतून दिसू लागले आहेत. पदवी घेऊन बाहेर पडलेल्या तरुणांना, तसेच सेवानिवृत्तीनंतर काही उपयुक्त काम करू इच्छिणाऱ्या लिपिक-शिक्षकांनाही हे क्षेत्र खुले आहे. परंतु या क्षेत्रात नेमके कोणते काम शिकावे, कोणत्या शाखेत पारंगत व्हावे, याचा विचार फारच थोडे लोक करतात. बहुतेक जण समोर आले ते काम स्वीकारतात आणि दहा वर्षांनंतर सर्वच कामे थोडीथोडी जाणणारे म्हणून उरतात.

हौशी कारभाराची परंपरा

१९०४ सालच्या सहकारी कायद्यात केवळ पतसंस्थांना स्थान होते. १९१२ च्या कायद्याने इतर प्रकारच्या संस्थांनाही नोंदणीचा मार्ग मोकळा झाला आणि अवघ्या तीन वर्षांत, १९१५ मध्ये, मुंबईत गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. या चळवळीतील ती आद्य संस्थांपैकी एक होय. रावबहादूर तालमकी यांच्यासारख्या सहकारी कार्यकर्त्यांनी भाड्याच्या चाळीत राहणाऱ्या मध्यमवर्गीयांना सामूहिक मालकीची कल्पना पटवून दिली. पुढे १९२५ चा मुंबई सहकारी संस्था कायदा आला आणि त्याची जागा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याने घेतली. आज राज्यात एक लाखाहून अधिक सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत. या संस्थांचे प्रश्न साखर कारखान्यांच्या किंवा पतपेढ्यांच्या प्रश्नांहून वेगळे आहेत हे लक्षात घेऊन २०१९ मध्ये अधिनियमात त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले.

आरंभीच्या संस्था लहान होत्या. सभासद एकमेकांचे परिचित, बहुधा एकाच कार्यालयातील किंवा एकाच समाजातील असत. तेथे मानसेवी कारभार निभावून जात असे. आज दोनशे-तीनशे सदनिकांच्या संकुलात शेजारच्या इमारतीतील माणसाचे नावही ठाऊक नसते. लिफ्टच्या देखभालीचा करार, अग्निशमन यंत्रणेचे जानेवारी व जुलै असे वर्षातून दोनदा द्यावयाचे प्रमाणपत्र, ओल्या कचऱ्याची विल्हेवाट, सुरक्षारक्षकांची नेमणूक, वाहनतळाचे वाटप, आणि आकारणी व उलाढाल ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यास वस्तू व सेवा कराचा हिशोब, एवढे सारे एका सचिवाच्या माथी येते. तो हे रात्री जेवण झाल्यावर करतो. चुकले तर सभेत त्याला चारचौघांसमोर उत्तर द्यावे लागते, आणि बरोबर झाले तर त्याची दखल कोणी घेत नाही. अशा स्थितीत सचिवपदासाठी माणूस मिळेनासा झाला तर नवल नाही. काही संस्थांत निवडणुकीला पुरेसे अर्जच येत नाहीत. समितीच अस्तित्वात नसली, म्हणजे प्राधिकृत अधिकारी नेमण्याची वेळ येते.

म्हणून पगारी व्यवस्थापकाची गरज निर्माण झाली. मात्र निर्णयाचा अधिकार त्याच्याकडे जात नाही, हे या क्षेत्रात येणाऱ्याने प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. निर्णय सर्वसाधारण सभेचा, अंमलबजावणीची जबाबदारी समितीची आणि त्या जबाबदारीतील कष्टाचे काम व्यवस्थापकाचे, अशी ही उतरंड आहे. उतरंड विसरणारा व्यवस्थापक कितीही हुशार असला तरी दोन वर्षांच्या आत संस्थेत दोन तट पाडतो.

शिक्षणाची सोय

महाराष्ट्रात गृहनिर्माण संस्थेच्या व्यवस्थापकाला परवाना घ्यावा लागत नाही. अमेरिकेत फ्लोरिडासारख्या काही राज्यांत तो घ्यावा लागतो. तेथे घरमालकांच्या संघांचा कारभार पाहणाऱ्यांसाठी १९७३ मध्ये कम्युनिटी असोसिएशन्स इन्स्टिट्यूट ही संस्था स्थापन झाली असून, आधी सर्वसाधारण व्यवस्थापनाची परीक्षा आणि नंतर मोठ्या वसाहतींचे व्यवस्थापन, राखीव निधीचे नियोजन अशा विशेष शाखा, अशी पायऱ्यापायऱ्यांची रचना तेथे रूढ झाली आहे. आपल्याकडे एवढी बांधेसूद रचना नाही, पण पाया आहे. सहकार आयुक्तांच्या वतीने शासकीय सहकार व लेखा पदविका, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातील जी.डी.सी. अँड ए., आणि सहकारी गृहनिर्माण व्यवस्थापन प्रमाणपत्र, म्हणजे सी.एच.एम., या परीक्षा घेण्यात येतात. पदविकेसाठी लेखाशास्त्र, लेखापरीक्षण, सहकाराचा इतिहास व तत्त्वे, सहकारी कायदे, बँकिंग आणि गृहनिर्माण असे विषय अभ्यासावे लागतात. दुसऱ्या परीक्षेचा भर गृहनिर्माणावरच आहे. याखेरीज सहकारी संघ व गृहनिर्माण महासंघ यांच्याकडून समिती सदस्यांसाठी प्रशिक्षणवर्ग चालविले जातात.

कलाशाखेच्या पदवीधराने पदविकेच्या लेखाशास्त्राला भिण्याचे कारण नाही. या परीक्षेला बसणाऱ्यांत बँकेतील कारकुनापासून शाळेतील शिक्षकापर्यंत सर्व थरांतील माणसे असतात. तथापि परीक्षा हा उंबरठा आहे. तो ओलांडल्यावर कोणत्या खोलीत जावयाचे, हा निर्णय उरतोच.

गर्दी कोठे आहे

पदविका मिळाल्यावर बहुसंख्य उमेदवार लेखापरीक्षणाकडे वळतात. याचे कारण उघड आहे. पदवी, पदविका आणि लेखापरीक्षणाचा तीन वर्षांचा अनुभव असला, म्हणजे प्रमाणित लेखापरीक्षक म्हणून नामिकेवर येण्याचा मार्ग खुला होतो, आणि प्रत्येक संस्थेला नामिकेवरील लेखापरीक्षक दरवर्षी नेमावाच लागतो. काम प्रतिष्ठेचे आहे आणि नियमितही आहे. परंतु लेखापरीक्षक वर्षातून एकदा येतो आणि झालेल्या गोष्टी तपासतो. एक पथ्य येथे पाळावेच लागते. ज्या संस्थेचे हिशोब आपण लिहितो तिचे लेखापरीक्षण आपण करू नये. एका दारातून हिशोबनीस म्हणून आणि दुसऱ्या दारातून लेखापरीक्षक म्हणून शिरणारी माणसे लहान गावांतून अधूनमधून आढळतात. त्यांच्या अहवालात दोष कधीच निघत नाहीत.

गर्दीचे दुसरे ठिकाण म्हणजे पुनर्विकास. जुन्या इमारती पाडून नव्या उभारण्याच्या कामात मोठ्या रकमा गुंतलेल्या असल्याने सल्लागारांची रांग तेथे साहजिकच लांब आहे. शासनाने २००९ मध्ये आणि सुधारित स्वरूपात ४ जुलै २०१९ रोजी या कामाच्या पद्धतीबद्दल निदेश दिले. विकासक निवडण्याच्या सभेला निबंधकांचा प्राधिकृत अधिकारी उपस्थित असावा आणि सभेचे चित्रीकरण व्हावे अशा तरतुदी त्यांत आहेत. स्वयंपुनर्विकासाला चालना देणारा निर्णयही २०१९ मध्येच झाला. या शाखेला कायदा, वास्तुशास्त्र आणि वित्त अशी तिन्ही अंगे आहेत. नवख्याने अनुभवी सल्लागाराच्या हाताखाली पाच-सहा वर्षे काढल्याखेरीज तीत स्वतंत्रपणे उतरू नये. येथे चूक झाल्यास ती दुरुस्त करता येत नाही. इमारत पाडलेली असते आणि सभासद भाड्याच्या घरात गेलेले असतात.

वसुलीची शाखा त्यामानाने निरोगी आहे. थकबाकीदार सभासदाविरुद्ध निबंधकांकडे अर्ज करून वसुली दाखला मिळविता येतो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे रक्कम वसूल करता येते, ही सोय दिवाणी दाव्यापेक्षा पुष्कळच जलद आहे. मात्र अर्जासोबत खातेउतारा, मागणीच्या नोटिसा आणि आकारणीचा दर ठरविणारा सर्वसाधारण सभेचा ठराव जोडावा लागतो. व्याज उपविधीनुसार सरळव्याजाने द.सा.द.शे. २१ पर्यंतच आकारता येते. पुष्कळ प्रकरणे रेंगाळतात ती थकबाकीदाराच्या चातुर्यामुळे रेंगाळतात असे नव्हे. ठराव इतिवृत्तात नीट लिहिलेला नसतो, आणि कधी तो लिहिलेलाच नसतो. इतिवृत्त लिहिणे हे कंटाळवाणे काम समजले जाते. ज्याला स्वच्छ, नेमके आणि वाद न माजविणारे मराठी लिहिता येते, त्या कलापदवीधराला या व्यवसायात येथेच पहिले स्थान मिळू शकते.

दप्तर आणि जमीन

संस्थेच्या दप्तराचा संबंध थेट जमिनीशी पोहोचतो. १९६३ च्या सदनिका अधिनियमाखालील नियमांनुसार, करारनाम्यात वेगळी मुदत ठरलेली नसल्यास, संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत विकासकाने जमीन व इमारत संस्थेच्या नावे करून द्यावयास हवी. हजारो संस्थांच्या बाबतीत ती चाळीस-चाळीस वर्षे करून दिली गेलेली नाही. विकासक हयात नाही, मूळ जमीनमालकाचे वारस विखुरलेले आहेत आणि मालमत्तापत्रकावर अजून जुनेच नाव आहे. सभासदाला आपण मालक आहोत असे वाटत असते. जमिनीचा कागद तसे म्हणत नाही. याचा चटका पुनर्विकासाच्या वेळी किंवा शेजाऱ्याने आवारावर हक्क सांगितल्यावर बसतो.

यावर उपाय म्हणून २००८ मध्ये अधिनियमात सुधारणा होऊन मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद झाली. विकासक सही करीत नसला तरी संस्थेने सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हा उपनिबंधकांकडे, अर्ज करावा. त्यांनी सुनावणी घेऊन आदेश व प्रमाणपत्र द्यावे आणि त्याआधारे दस्त नोंदला जावा, अशी ही व्यवस्था आहे. अर्जासाठी सभासदांचे करारनामे व त्यांच्या सूची क्रमांक दोन, सात-बारा उतारा अथवा मालमत्तापत्रक, मंजूर नकाशे, सभासदांची यादी असे कागद गोळा करावे लागतात. शंभर सदनिकांपैकी वीस सदनिका दोनदा-तीनदा विकल्या गेलेल्या असतात आणि मधल्या एखाद्या खरेदीचा कागद हरवलेला असतो. हे काम वकिलाचे आहे असे मानले जाते, पण वकिलाकडे जाण्यापूर्वीचे तीन-चतुर्थांश काम दप्तर जाणणाऱ्या माणसाचे असते. शिवाय आदेश मिळाल्यावर मुद्रांकशुल्काचा निर्णय, दस्तनोंदणी आणि शेवटी भूमी अभिलेखात फेरफार, या तीन पायऱ्या उरतात. आदेशाची प्रत चौकटीत बसवून कार्यालयात लावणाऱ्या आणि फेरफार मात्र न करणाऱ्या संस्थाही आहेत.

ग्रामपंचायत सदस्यांच्या दृष्टीने ही शाखा विशेष महत्त्वाची आहे. शहरांलगतच्या गावांतून चार-पाच मजली इमारती आता जागोजाग दिसतात. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे घेण्यात आली. त्यांतील अनेक इमारतींना मूळ परवानगी महानगरपालिकेची नव्हती. गाव शहरात गेले तरी इमारतीचे जुने कागद गावाच्या दप्तरात राहतात. नमुना आठचा उतारा, अकृषिक परवानगी, गटाची मोजणी यांची भाषा जाणणारा माणूस शहरातील संस्थांना सहसा मिळत नाही. तलाठी कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत वावरलेल्या ग्रामीण तरुणाला हे ज्ञान सहज असते. त्याला सहकारी कायद्याची जोड मिळाली, तर या शाखेत त्याची बरोबरी शहरी उमेदवाराला करता येणार नाही.

इमारतीचे आयुष्य

आता त्या शाखेकडे वळावयाचे, जिच्याकडे सर्वांत कमी लोक वळतात आणि जिची गरज सर्वांत अधिक आहे. ही शाखा म्हणजे इमारतीची देखभाल व तीसाठी लागणाऱ्या निधीचे नियोजन.

काँक्रीटची इमारत चिरंजीव असते असा एक समज आहे. गिलाव्याला बारीक चीर पडते, तीतून पावसाचे पाणी आत मुरते आणि आतील लोखंडी सळईला गंज चढतो. गंजलेल्या लोखंडाचा आकार वाढतो आणि तो भोवतालच्या काँक्रीटला आतून फोडतो. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत ही क्रिया अधिक वेगाने होते. एखाद्या खांबावर उभी चीर दिसू लागते तेव्हा आतील काम बरेच पुढे गेलेले असते. यासाठीच आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांपुढील इमारतीचे तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करावे असे सांगितले आहे. ते अभियंत्याचे काम आहे. अहवाल आल्यावर काय करावयाचे, हे मात्र अभियंता ठरवीत नाही. आणि बहुतेक अहवाल कपाटात जातात ते येथेच.

कपाटात जाण्याचे कारण सभासदांचा बेफिकीरपणा एवढेच नाही. पैसा नसतो, आणि तो का नसतो हे समजून घेण्यासारखे आहे. उपविधीनुसार सिंकिंग फंडासाठी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का आणि दुरुस्ती व देखभाल निधीसाठी किमान पाऊण टक्का दरवर्षी गोळा करावयाचा असतो. उदाहरणादाखल, १९८५ मध्ये बांधलेली चाळीस सदनिकांची इमारत घ्यावी आणि बांधकामाचा खर्च दर सदनिकेस एक लाख रुपये धरावा. सिंकिंग फंडापोटी प्रत्येकाने वर्षाला २५० रुपये दिले, म्हणजे सबंध संस्थेचे १०,००० झाले. चाळीस वर्षांत, व्याज बाजूला ठेवल्यास, ४ लाख रुपये जमले. आजच्या दराने परांची बांधून, सैल गिलावा काढून, गंजलेल्या सळया बदलण्याचे काम एवढ्या रकमेत इमारतीच्या एका बाजूचेही बहुधा होणार नाही. टक्केवारी नियमाप्रमाणे भरली गेली, लेखापरीक्षकाने आक्षेप घेतला नाही, आणि तरीही निधी अपुरा! कारण टक्केवारी जुन्या खर्चावर बेतलेली आहे आणि दुरुस्ती नव्या दराने करावी लागते. उपविधीतील ‘किमान’ हा शब्द येथे फार मोलाचा आहे. सर्वसाधारण सभा त्याहून अधिक वर्गणी ठरवू शकते. तिने ती ठरवावी यासाठी आकडे मांडून दाखविणारा माणूस हवा.

हा माणूस कोणते काम करील? तो इमारतीतील प्रत्येक भागाची, म्हणजे गच्चीवरील जलरोधक थर, बाहेरचा गिलावा, लिफ्ट, पंप, मलनिस्सारणाच्या वाहिन्या यांची, यादी करील. अभियंत्याला विचारून प्रत्येकाचे उरलेले आयुष्य आणि बदलण्याचा खर्च लिहून काढील. समजा, आठ वर्षांनी ४० लाखांचे काम निघणार आहे. चाळीस सदनिकांत ते प्रत्येकी एक लाख होते. ते आठ वर्षांत, म्हणजे ९६ महिन्यांत विभागले, तर महिन्याला सुमारे १,०४० रुपये होतात. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या सभासदाला हे जड असले तरी पेलणारे आहे. तेच एक लाख रुपये तीन महिन्यांत भरा अशी नोटीस त्याच्या दाराला लावली, तर तो सभेत विरोध करणार आणि काम पुढे ढकलले जाणार. पुढे ढकललेले काम महागते, आणि महागले म्हणून पुन्हा ढकलले जाते.

या चक्राचा शेवट कोठे होऊ शकतो हे अमेरिकेतील एका घटनेने जगाला दाखविले. फ्लोरिडा राज्यातील सर्फसाइड येथे १९८१ मध्ये बांधलेली बारा मजली इमारत २४ जून २०२१ च्या पहाटे अंशतः कोसळली आणि ९८ माणसे मृत्युमुखी पडली. २०१८ मध्येच एका अभियंत्याने काँक्रीटच्या गंभीर हानीबद्दल अहवाल दिलेला होता. दुरुस्तीचा खर्च पुढे सुमारे दीड कोटी डॉलरपर्यंत गेला. राखीव निधी त्याच्या आसपासही नव्हता आणि सदनिकाधारकांत वर्गणीवरून दीर्घकाळ वाद झाला. कोसळण्याची तांत्रिक कारणे अनेक पदरी आहेत आणि केवळ ढकललेल्या दुरुस्तीला सारा दोष देणे बरोबर होणार नाही. तरीही फ्लोरिडाने बोध घेतला. २०२२ च्या कायद्याने तीन मजली व त्याहून उंच इमारतींची ठराविक वयानंतर तपासणी आणि संरचनेच्या दुरुस्तीसाठी किती निधी हवा याचा अभ्यास सक्तीचा झाला. राखीव निधीचा तज्ज्ञ ही तेथील मान्यताप्राप्त शाखा आहे. आपल्या राज्यात असा अभ्यास करणारे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतील.

आपल्याकडील अनुभवही फार दूरचा नाही. मुंबईत घाटकोपर येथे २५ जुलै २०१७ रोजी चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा तळमजल्यावरील फेरबदलांचा प्रश्न पुढे आला. सदनिकेच्या आतील भिंत ही सभासदाची खासगी बाब आहे, असे म्हणून समित्या गप्प बसतात. स्वयंपाकघर रुंद करण्यासाठी काढलेली भिंत निव्वळ आडोशाची होती की भार वाहणारी, हे पाहिल्यावाचून परवानगी देता येत नाही. आणि परवानगी मागितली नसेल तर काम थांबविण्याची लेखी सूचना त्याच दिवशी जावयास हवी. हे सांगण्याचे धैर्य शेजाऱ्याला होत नाही, कारण त्याला त्याच जिन्यावरून रोज जावयाचे असते. बाहेरून नेमलेला व्यवस्थापक ते सांगू शकतो. पगारी माणसाचा खरा उपयोग अनेकदा एवढाच असतो.

या शाखेला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. अभियंत्याचा अहवाल समजून घेणे, निविदा मागविणे, तीन निविदांचा तुलनात्मक तक्ता मांडणे, सभेपुढे सोप्या भाषेत विषय ठेवणे आणि काम चालू असताना रोजची नोंद ठेवणे ही कौशल्ये लागतात. पदविकेचा लेखाशास्त्राचा अभ्यास येथे पुरेपूर कामी येतो. बांधकाम पर्यवेक्षकाचा अभ्यासक्रम केलेल्या आयटीआयच्या विद्यार्थ्यालाही, त्याने सहकारी कायदा शिकून घेतल्यास, येथे चांगले भवितव्य आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करताना ही दिशा अवश्य दाखवावी.

निवड कशी करावी

व्यवसायात नव्याने येणाऱ्याने पहिल्याच दिवशी शाखा निवडण्याची घाई करू नये. दोन वर्षे एखाद्या मध्यम आकाराच्या संस्थेत सर्व कामे करावीत. देयके काढताना पाणीपट्टी नळांच्या संख्येवर व आकारावर, सेवाशुल्क मात्र लहान-मोठ्या सर्व सदनिकांना समान, आणि दुरुस्ती निधी बांधकाम खर्चावर का, हे सभासदाला समजावून सांगता येऊ लागले, म्हणजे पाया झाला असे समजावे. त्यानंतर आपल्या स्वभावाकडे पाहावे. ज्याला कागदात रमता येते त्याने दप्तर व अभिहस्तांतरण घ्यावे. ज्याला गच्चीवर चढून टाकीत डोकावण्याचा कंटाळा नाही, त्याने देखभालीकडे जावे. माणसांच्या तक्रारी शांतपणे ऐकण्याची देणगी असणाऱ्याला मोठ्या संकुलाचे सर्वसाधारण व्यवस्थापन मानवते.

स्वभावाइतकीच परिसराची गरजही पाहावी लागते, आणि ती ओळखण्याचे एक साधन प्रत्येक संस्थेच्या कपाटात असते. लेखापरीक्षण झाल्यावर संस्थेने ‘ओ’ नमुन्यात दोषदुरुस्ती अहवाल तीन महिन्यांत द्यावयाचा असतो. आपल्या भागातील आठ-दहा संस्थांचे मागील तीन वर्षांचे हे अहवाल, समित्यांची परवानगी घेऊन, वाचून काढावेत. कोणता दोष दरवर्षी त्याच शब्दांत पुन्हा येतो ते पाहावे. कोठे ‘आय’ नमुन्याची सभासद नोंदवही अपूर्ण असते, कोठे अभिहस्तांतरण झालेले नसते, कोठे सिंकिंग फंडाची रक्कम चालू खर्चात वापरलेली असते. तीन वर्षे न सुटलेला दोष सोडविणाऱ्या माणसाला त्या भागात काम शोधावे लागत नाही.

मोबदल्याचा करार लेखी असावा, त्याला सर्वसाधारण सभेची मान्यता असावी आणि कामांची यादी त्याला जोडलेली असावी. कंत्राटदाराकडून कोणत्याही स्वरूपात दलाली घेणार नाही हे कलम व्यवस्थापकाने स्वतःहून घालून घ्यावे. करार संपताना दप्तराची यादी करून, प्रत्येक नोंदवहीपुढे पानांची संख्या लिहून, समितीच्या दोन सदस्यांची पोच घ्यावी आणि एक प्रत निबंधक कार्यालयाला पाठवावी.